मुळाचा पाऊण तास

पत्रक लिहायला मला कुणी शिकवलं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं कुठून आलं ते कळेल. अमरावतीत आमच्या विज्ञान मंडळाचे एक सर होते. निवृत्त शिक्षक. मंडळ म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली. ते म्हणायचे, "पत्रक म्हणजे दारावरची थाप आहे, पोरी. हळू मारली तर आतलं माणूस कूस बदलून झोपते." पहिलं वाक्य झोंबणारं पाहिजे. उदाहरण खरं आणि जवळचं पाहिजे. नाव द्यायचं नाही, म्हणजे कुणी तक्रार करत नाही. आणि सगळं कागदाच्या एका बाजूत बसलं पाहिजे, कारण कागद उलटण्याइतका कुणाला पुळका नसतो. मी एकोणीस वर्षांची होते. हे नियम मी असे गिळले की अजून पोटातून निघालेले नाहीत. भानामतीवर लिहिलं, अंगारे-धुपाऱ्यांवर लिहिलं, वसतिगृहाच्या जेवणावर लिहिलं. आता तिशी ओलांडली. आत्मकथन लिहायचं हे वय नाही, हे मलाही कळतं. पण एवढा एक तुकडा लिहून ठेवल्याशिवाय पुढं काही लिहायचा मला हक्क नाही. तोही पत्रकासारखाच धावत सुटायला बघतो आहे. मी त्याला मागं ओढते आहे.

घर अकोल्याचं. बाबा वीज मंडळात लाइनमन, आई अंगणवाडीत. दोन खोल्या, वर टिन, आणि उन्हाळ्यात खिडकीत बसवलेला लोखंडी कुलर. त्याचा आवाज इतका की बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून अभ्यास करताना मी मोठ्यानं वाचायची सवय लावून घेतली. भाषणाचा माझा आवाज त्या कुलरनं घडवलेला आहे. सकाळी ज्वारीची भाकर आणि शेंगदाण्याची चटणी, रविवारी पातोडीची भाजी, एवढी तिखट की बाबा जेवताना नाक पुसायला गमछा मांडीवर घेऊन बसत. आमच्या घरात पत्रिका नावाची वस्तू नव्हती. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा बाकीच्या पसाऱ्यासोबत तीही गेली. माझ्या जन्माची वेळ विचारली की आई म्हणायची, "लाइन गेली होती, कुलर बंद होता, अन् तुहा बाप खांबावर होता. येवढंच मले आठोते." एवढीच माझी पत्रिका. मला तिचा फार अभिमान होता. ज्या गोष्टीसाठी आपल्याला स्वतःला काहीच मोजावं लागलं नाही तिचा अभिमान बाळगणं फार सोपं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बी.एस्सी.ला अमरावतीत शेगाव नाक्याजवळ एका खोलीत मी आणि मेघा राहायचो. मेघा हे तिचं नाव नाही. मी ठेवलं आहे. तिचं गाव, घड्याळाचे आकडे, सासरची माणसं, सगळं मी इथं बदललं आहे. उशिरा सुचलेलं शहाणपण. ती अकोल्याकडच्या एका गावातली, शेतकऱ्याची मुलगी. घरी काळी जमीन, तूर-सोयाबीन, दोन म्हशी, बरं चाललेलं घर. घरून डब्यात मिरगुंडं आणि आंबाडीचं लोणचं यायचं. बोलायला सावकाश, भौतिकशास्त्रात मात्र आमच्या वर्गात सगळ्यांच्या पुढं. आम्ही दोघी सरांच्या मंडळाचं फिरतं तारांगण चालवायचो. करड्या कापडाचा घुमट, पंख्यानं हवा भरून फुगवायचा. पोरांनी चपला बाहेर काढायच्या आणि कापडी बोगद्यातून रांगत आत जायचं. आत भर दुपारी काळोख, मधोमध प्रोजेक्टर, पंख्याची अखंड घरघर, आणि चाळीस पोरांच्या डोक्यांच्या खोबरेल तेलाचा वास. मी बाहेर रांग लावायची, आरडाओरडा करायची. आत मेघा बोलायची.

तिच्यासारखं तारे सांगणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. पुस्तकातलं एक वाक्य ती उचलायची नाही. "तारा काय हाये? गॅसचा गोळा. त्याचं सोताचंच वजन त्याले आत दाबून राह्यलं, अन् आतली आग त्याले बाहेर रेटून राह्यली. दाब अन् रेटा सारखा हाये तवरिक तारा उभा. आता सांगा, आग कायची? हायड्रोजनची. तो सरला का मंग त्याची राख जाळते, हेलियम. तेबी सरलं का तिची राख." पोरं विचारायची, मॅडम, मोठा तारा जास्त दिवस जगत असन. ती हसायची. "नाई रे बापा. मोठा तारा म्हंजे लग्नातला आचारी. एका दिवसात सारं सरपण फुकते. आपला सूर्य म्हंजे तुयी आजी, दोन काड्यांवर चहा करणारी. तिचं सरपण पुरते." मग ती मोठ्या ताऱ्याचा शेवट सांगायची. राखेची राख जाळत जाळत तो लोखंडापर्यंत येतो. लोखंड जाळून काही मिळत नाही. चूल विझते, आतला रेटा संपतो, सगळं वजन आत कोसळतं आणि तारा फुटतो. "अन् ते लोखंड उडते चारीकडे. आज तुह्या रक्तात जे हाये नं, ते तेच." इथं पोरं आपापले हात निरखायची. अंधारात काही दिसत नसायचं, तरी निरखायची. मी बोगद्याच्या तोंडाशी बसून हे शंभरदा ऐकलं, आणि शंभरदा माझ्या अंगावर काटा आला.

शेवटच्या वर्षी मेघाला पुण्यात खगोलशास्त्राच्या एम.एस्सी.ला जागा मिळाली. आमच्या कॉलेजातून तिथं आधी कुणी गेलं नव्हतं. तिच्या वडिलांनी नाही म्हटलं नाही, होही म्हटलं नाही. त्यांची अट होती: लग्न ठरवून जायचं. साक्षगंध होऊ दे, मग दोन वर्षं शिक. स्थळही मिळालं, बाळापूरचं, धान्याचं दुकान असलेलं घर. पोराकडचे म्हणाले, शिकू द्या, आमची सून पुण्याहून शिकून येईन तं आमचंच नाव होईन. मी त्यावर तासभर भाषण दिलं. शिकायची परवानगी म्हणून नवरा पत्करायचा? मेघा मिरगुंड तळता तळता म्हणाली, "तुले भाषण जमते. मले पुणं पाह्यजे. ज्या दारातून जाता येईन त्या दारातून जाईन."

एका दुपारी आम्ही घुमटाचं उसवलेलं कापड सुईदोऱ्यानं शिवत बसलो होतो. मी बाहेरून, ती आतून, मध्ये कापड. कदाचित तोंड दिसत नव्हतं म्हणून ती बोलली. तिचा जन्म मूळ नक्षत्रावरचा. त्यांच्याकडं म्हणतात, मुळावरची पोरगी सासऱ्याच्या जिवावर येते. मूळ संपायला पाऊण तास राहिला होता तेव्हा ती जन्मली. तिच्या आईनं बाळंतिणीच्या खाटेवरूनच नवऱ्याला सांगितलं, जोशीबुवाले घंटाभर पुढची वेळ सांगजा. बाप आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं खोटं बोलला, आणि पोरीचं नक्षत्र बदललं. बाळापूरकरांनी जुळवली ती पत्रिका ही. "अन् पाह्य नं," ती कापडाआडून हसत म्हणाली, "मूळ म्हंजे विंचवाच्या नांगीतले तारे. निळे, मोठे, खादाड. आपल्या सूर्याच्या कितीक आंधी ते सोताच मरणार हायेत. अन् म्हणे माह्या सासऱ्याले मारते." मीही हसले. त्या हसण्यातच माझ्या डोक्यात पत्रकाची पहिली ओळ तयार झाली. हे मी आज पहिल्यांदा कबूल करते.

त्याआधी एकदा मी तिच्या गावी गेले होते. तिची आई, काकू म्हणायचे मी, प्रेमळ बाई. गरम भाकरीवर लोण्याचा गोळा घातला, जाताना लोणच्याची बरणी दिली. चहा मात्र मला खिडकीतल्या पेल्यातून मिळाला. बाकीच्यांना कपबशा. पिऊन झाल्यावर तो मीच विसळून परत खिडकीत ठेवला. कुणी तसं सांगितलं नव्हतं, माझा हातच गेला. मेघानं पाहिलं आणि नजर वळवली. परतीच्या एस.टी.त ती म्हणाली, "आईचं काय मनावर घेतं." मी म्हटलं, घेतलं नाही. पत्रक मी त्या पेल्यापोटी लिहिलं का? सर म्हणायचे, राग हे आपलं सरपण आहे. कुणाचा राग कुणाच्या चुलीत घातला जातो आहे हे बघायला त्यांनी शिकवलं नाही. मीही विचारलं नाही. काकूचा पेला होता आणि होरपळली मेघा, एवढं मात्र मला आज स्पष्ट दिसतं.

पत्रकाचं शीर्षक होतं: "जो तारा स्वतःच मरणार आहे, तो तुमच्या पोरीचं काय करणार?" खाली ताऱ्याचा जन्म, आयुष्य, मरण, सगळं मेघाच्याच शब्दांत. आणि मग उदाहरण. खरं. जवळचं. 'आमच्या फिरत्या तारांगणातली एक मैत्रीण. मूळ संपायला पाऊण तास असताना जन्मली. आईवडिलांनी जोशीबुवांना वेळ पुढची सांगितली आणि मूळ पळालं! आता सांगा, दोष नक्षत्रात होता की घड्याळात?' नाव दिलं नव्हतं. हे मी पुढं किती जणांना सांगितलं असेल. नाव दिलं नव्हतं! तारांगणात मुली किती होत्या? दोन. त्यातली पत्रिका असणारी किती? शेवटचं वाक्य मी आजही वाचते आणि ते आजही चांगलंच वाटतं. हेच मला सहन होत नाही.

तिला विचारलं का नाही? वेळ नव्हता, असं मी सांगत आले. वेळ होता. मी मजकूर लिहीत होते तेव्हा ती समोरच्या खाटेवर बसून पोहे खात होती. "काय लिहून राह्यली वं?" तिनं विचारलंही. मी म्हटलं, ताऱ्यांवरचं पत्रक. "माह्या बोलण्यातलं घेजो, लोखंडाचं घेजो," ती म्हणाली, आणि ताटलीतले शेंगदाणे वेचत राहिली. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती. आणि तिचं नाही मला परवडणारं नव्हतं.

छापून आलं आणि पहिला कार्यक्रम लागला बाळापूरच्या एका शाळेत. मेघा खूश होती. होणाऱ्या दिराची मुलगी त्याच शाळेत सातवीत. मेघानं नवा पंजाबी ड्रेस घातला, ओढणीला दोनदा पिन लावली. तिचं सासर बाळापूरचं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. उलट मला वाटलं, बरंच झालं. सुनेला शिकू देणारी माणसं म्हणजे आपलीच माणसं. वाचतील आणि म्हणतील, खरं आहे. सत्य दारात नेऊन ठेवलं की लोक लाजतात, ही आमच्या मंडळाची सगळ्यात मोठी अंधश्रद्धा होती. त्यावर आम्ही कधी पत्रक काढलं नाही. आत मेघा लोखंडाशी आली होती, पोरं चिडीचूप होती. बाहेर मी निघणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातात एकेक कागद देत होते, "घरी नेऊन दे हं, आईबाबांना वाचायला सांग." दोन वेण्या घातलेल्या एका पोरीनं दोन मागून घेतले. "मेघाकाकूले बी दाखवतो," ती म्हणाली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

परतीच्या टेम्पोत मेघानं ते वाचलं. घुमटाच्या गुंडाळीला टेकून बसली होती. एकदा वाचलं, मग पुन्हा. रस्ता खराब होता, कागद तिनं डोळ्यांजवळ धरला होता, म्हणून मला आधी काही कळलं नाही.

"पाऊण तास कोणी सांगतलं तुले?"

"तूच की."

"मी तुले सांगतलं. बाळापूरले नाई."

"नाव कुठं आहे, मेघा? कुणाला कळणार आहे?"

तिनं कागदाची घडी घातली, आणखी घातली, अगदी काडेपेटीएवढी होईपर्यंत. "तुले खरंच असं वाटते?" ती म्हणाली. मला खरंच तसं वाटत होतं आणि त्याच क्षणी तसं वाटेनासं झालं होतं.

त्या पोरीनं दुसरा कागद घरी जेवायच्या वेळी मोठ्यानं वाचला म्हणे. चौथ्या दिवशी बाळापूरहून फोन आला. होणाऱ्या सासऱ्याची महिन्यापूर्वीच अँजिओप्लास्टी झाली होती. पण त्यांनी त्याचा शब्द काढला नाही. सभ्य माणूस. "मुळाचं आमाले काही नाई जी," ते मेघाच्या वडिलांना म्हणाले. "पण तुमी लपोलं." एवढंच. त्यांना खोटेपणाचा राग होता! ज्या समजुतीपायी त्या बापाला खोटं बोलावं लागलं ती समजूत त्यांच्याच घरातली, आणि वर खोटेपणाचा राग. तेव्हा मी यावरही एक पत्रक लिहायला घेतलं होतं. लिहायला घेतलं होतं, हे वाचून तुम्हाला माझी किळस आली तर येऊ द्या.

लग्न मोडलं तशी अटही मोडली. लग्न मोडलेल्या पोरीला एकटीला पुण्याला कोण पाठवतं? मी सरांना घेऊन तिच्या गावी गेले. सर वाटेत म्हणत होते, पत्रकाचा परिणाम झाला म्हणजे पत्रक वर्मी लागलं. चळवळीत थोडंफार पोळतंच. कोण पोळतं ते त्यांनी सांगितलं नाही. मेघा बाहेर आलीच नाही. तिचे वडील आमच्याकडं पाठ करून म्हशीला वैरण टाकत राहिले. काकू ओट्यावर उभी राहिली. मी म्हटलं, काकू, तुम्ही एक वर्ष तरी पाठवून बघा, राहायची सोय मी करते, मी स्वतः सोबत जाते. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तुमच्यात पत्रिका नसते नं माय?"

"नसते."

"मंग तुले काय झालं लिहाले?"

त्या बाईनं मला वेगळ्या पेल्यात चहा दिला होता. आणि माझ्याबद्दलची सगळ्यात खरी गोष्ट तिनंच सांगितली. या दोन्ही गोष्टी मला एकाच माणसात ठेवता येत नव्हत्या. अजून येत नाहीत. त्या दिवशी चहाही झाला नाही.

अकोल्याला घरी आले तर आईनं ताट वाढलं आणि समोर बसून राहिली. तिच्या हातातल्या फोनवर पत्रक होतं. कुणीतरी अंगणवाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलं होतं, खाली दहा अंगठे. "लेक्चर भल्लं हाये," ती म्हणाली. "पण ज्या पोरीचं मीठ खाल्लं तिलेच भाजलं. तुह्या आजोबानं सोताची पत्रिका जाळली होती, प्रज्ञा. दुसऱ्याची नोती जाळली." मी भाकर मोडली आणि तशीच ठेवली. कुलर घरघरत राहिला.

पुण्याची फी भरायची तारीख आली आणि गेली. त्याच वर्षी मेघाचं लग्न धारणीकडं झालं, बिजवराशी. त्यांनी पत्रिका मागितली नाही. मागण्यासारखी त्यांची परिस्थिती नव्हती. घुमटात मी बोलायला लागले. तीच वाक्यं, तोच आचारी, तीच आजी. पोरं हात निरखायची नाहीत. दोन महिन्यांनी मी सोडलं. पत्रकाच्या मात्र आवृत्त्या निघाल्या. आजही मंडळाचं सगळ्यात जास्त वाटलं गेलेलं पत्रक तेच. सरांना मी सांगितलं, ते पाऊण तासाचं वाक्य काढा. ते म्हणाले, "तेच तर पत्रकाचा जीव आहे." मी पुन्हा सांगितलं नाही. एवढंच झालं माझं बंड. कुणीकुणी मला म्हणतं, मेघाचं आयुष्य ताऱ्यासारखंच कोसळलं, नाही का? मला अशा तुलनांची चीड येते. तारा आपल्याच वजनानं कोसळतो. मेघावर वजन माणसांनी ठेवलं, एकेकानं, हातानं उचलून. त्यात माझा हात होता.

गेल्या वर्षी ती मला अमरावतीच्या बस स्टँडवर दिसली. भर दुपार, परतवाड्याच्या फलाटावर, मांडीवर पिशवी. थोडी भरली होती. तिनंच हाक मारली. मी शेजारी बसले. पोरगी झाली म्हणाली, चार वर्षांची. नवरा वाईट नाही म्हणाली. धारणीत दुकान आहे, पावसाळ्यात रस्ता बंद असतो. मी विचारलं, आकाश तिकडं छान दिसत असेल. "पाहाले वेळ कुठी हाये," ती म्हणाली. मग पिशवी मांडीवर नीट घेत म्हणाली, "माह्या जागेवर कोणी गेलं असन नं पुण्याले?"

"गेलं असेल."

"चांगलं शिकलं असन," ती म्हणाली. खरंच तसं वाटून म्हणाली, टोमणा नव्हता.

इतकी वर्षं जुळवून ठेवलेलं वाक्य मी बोलायला घेतलं. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि हात वर केला, वर्गात मास्तर करतात तसा.

"नको," ती म्हणाली. "माफी मांगू नको, प्रज्ञा. तू मांगशीन, तुले बोलता बी चांगलं येते, अन् मंग मले माफ करा लागन. मले नाई करायचं."

गाडी लागली. तिनं पिशवी उचलली. मी पुढं झाले, तर तिनं ती दुसऱ्या हातात घेतली आणि चढली.

मी मागितली नाही.